ॲक्यूट ल्युकेमियाचा प्रकार डॉक्टर नक्की कसा ठरवतात? भाचा बेळगावात ॲडमिट आहे, रिपोर्ट समजून घ्यायचेत

खानापूरची_मावशी | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार सगळ्यांना. बहिणीचा मुलगा, वय १२, ताप येत-जात होता, पायाची हाडं दुखतात म्हणायचा, आम्हाला वाटलं खेळून दुखत असतील, मग हिरड्यातून रक्त यायला लागलं तेव्हा सीबीसी केली. पांढऱ्या पेशी ३८ हजार, प्लेटलेट १९ हजार, हिमोग्लोबिन सहाच्या आत आणि खाली शेरा, ब्लास्ट दिसतात, लगेच दाखवा. आता बेळगावात मोठ्या हॉस्पिटलात ॲडमिट आहे, कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढलाय.

डॉक्टर खरंच चांगले आहेत, मराठी-कन्नड दोन्हीत सांगतात, पण राउंडला वेळ किती मिळणार. आधी म्हणाले ॲक्यूट ल्युकेमिया आहे हे नक्की, मग म्हणाले बहुतेक एएलएल पण फ्लो आल्याशिवाय लिहून देणार नाही, आणि आज नर्सनी सांगितलं की अजून एक रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतील. एकाच मॅरोचे इतके रिपोर्ट कशाला? बहिणीचे दीर निपाणीला असतात, ते म्हणतात त्यांच्या ओळखीच्या एकाला एम थ्री होता, गोळ्यांनी बरा झाला, मग ह्याला त्याच गोळ्या का देत नाहीत. सासू म्हणूलालेत की आधी सलाईन बंद करा आणि मुंबईला न्या. बहीण नुसती रडतेय. कुणीतरी मला नीट समजावून सांगा, मी तिला सांगेन.


मूळची_येळ्ळूरची | सोमवार, रात्री १०.३५

मावशी, मी येळ्ळूरची, आता पुण्यात असते, पॅथॉलॉजिस्ट आहे, रक्ताच्या कॅन्सरच्या स्लाइड आणि फ्लो (पेशींवरची प्रोटीन ओळखायची तपासणी) वाचणं हेच रोजचं काम. तुमच्या भाच्याची स्लाइड मी बघितलेली नाही, म्हणून त्याचं निदान इथे बसून करणार नाही. पण पद्धत काय असते ते सविस्तर सांगते, हे घरच्यांना कुणीतरी बसून सांगायलाच पाहिजे.

आधी एक गोष्ट, सलाईन बंद करू नका. ते सलाईन आणि ॲलोप्युरिनॉलची गोळी किडनी वाचवायला असते. ब्लास्ट फुटायला लागले की युरिक ॲसिड, पोटॅशियम वाढतं. म्हणजे रिपोर्ट यायचेत म्हणून उपचार थांबलेत असं नाहीये, रक्त, प्लेटलेट, अँटिबायोटिक, सलाईन हे सगळं चालूच असतं.

आता प्रकाराचं. ब्लास्ट म्हणजे मॅरोमधली अगदी कोवळी पेशी. निरोगी मॅरोत त्या शंभरात पाचपेक्षा कमी असतात. ॲक्यूट ल्युकेमियात त्या वाढत सुटतात पण मोठ्या होत नाहीत, जागा अडवून बसतात, म्हणून लाल पेशी आणि प्लेटलेट दोन्ही पडतात. ह्या कोवळ्या पेशी दोन घराण्यांतल्या असू शकतात. लिम्फॉइड असेल तर एएलएल, मायलॉइड असेल तर एएमएल. दोन्हीची केमो पूर्ण वेगळी, एएलएलची औषधं एएमएलला दिली तर काम होत नाही आणि उलटंही तसंच. म्हणून डॉक्टर घाईघाईत लिहून देत नाहीयेत.

अडचण अशी की ब्लास्ट नुसते बघितले तर बऱ्याचदा एकमेकांसारखेच दिसतात. आपल्याकडे तरवा टाकतात, तो चार बोटं वर आला की बासमती कुठली आणि इंद्रायणी कुठली हे नुसत्या पात्यावरून जुना शेतकरीसुद्धा छातीठोक सांगत नाही, तसंच हे आहे. लोंबी धरली की कुणीही सांगेल, पण ब्लास्ट त्या वयाला पोचतच नाही. म्हणून आम्हाला आतलं तपासावं लागतं.

मॅरो काढतात तेव्हा सिरिंजमध्ये पहिल्यांदा जे थोडंसं येतं ते सगळ्यात मोलाचं, नंतर ओढलेल्यात साधं रक्त जास्त मिसळतं. काचेवर ते ओतलं की रक्तात बारीक चकाकणारे कण दिसतात, तेच मॅरोचे तुकडे, ते शोधून पसरायचे, वाळवायचे, लीशमन किंवा गिम्सा रंग द्यायचा आणि मग ५०० पेशी एकेक करून मोजायच्या. त्यात २० टक्के किंवा जास्त ब्लास्ट असतील तर ॲक्यूट ल्युकेमिया. जुनी मर्यादा ३० टक्के होती, डब्ल्यूएचओनी २००१ मध्ये ती २० वर आणली. हा पहिला अंदाज त्याच दिवशी देता येतो आणि तुमच्या डॉक्टरांनी तोच दिलेला दिसतोय.

उरलेला नमुना वेगवेगळ्या नळ्यांत जातो. जांभळ्या टोपणाची नळी फ्लो आणि जीनच्या तपासणीला, हिरव्या टोपणाची क्रोमोसोमसाठी, हाडाचा छोटा तुकडा बायोप्सीला. एका टोचण्यात चार-पाच रिपोर्ट निघतात ते असे. उद्या पुढचं लिहिते, आज उशीर झाला.


निपाणीकर_अण्णा | मंगळवार, सकाळी ७.१०

ताई लई चांगलं सांगितलासा. माझा एक साधा प्रश्न हाय, स्टेज कितवी म्हणून डॉक्टर सांगतच न्हाईत. आमच्या चुलत्याला तंबाखूमुळं तोंडाचा झाला होता तवा पहिल्याच दिवशी सांगितले तिसरी स्टेज म्हणून. इथं लपवूलालेत काय असं घरच्यांना वाटतंय बगा.


मूळची_येळ्ळूरची | मंगळवार, सकाळी ८.०५

अण्णा, लपवत नाहीत. तोंडाचा, स्तनाचा कॅन्सर एका जागी सुरू होतो आणि मग पसरतो, म्हणून गाठ केवढी, कुठवर गेली ह्यावर स्टेज. ल्युकेमिया मॅरोत सुरू होतो आणि रक्त तर सगळ्या अंगात फिरतं, त्यामुळे पहिली-चौथी अशी स्टेज इथे लावतच नाहीत. इथे प्रकार आणि रिस्क. पेशंटचं वय, पांढऱ्या पेशी किती, क्रोमोसोममध्ये काय सापडलं, औषधाला पहिल्या महिन्यात कसा प्रतिसाद आला, ह्यावरून स्टँडर्ड रिस्क, हाय रिस्क असं ठरतं. घरात कृपा करून कुणी चौथी स्टेज वगैरे बोलू नका, मुलाच्या कानावर पडतं.


शहापूर_पेठेतला | मंगळवार, दुपारी १.२०

माझ्या वडिलांच्या फाइलवर एएमएल-एम४ असं लिहिलंय आणि खाली दुसऱ्या रिपोर्टमध्ये वेगळंच लांबलचक नाव, एनपीएम१ म्युटेशन असलेला एएमएल. दोन्ही डॉक्टर मोठे. मग बरोबर कोण? हे एम४, एल२ वगैरे नंबर अजून चालतात का? मी नेटवर वाचलं की हे जुनं झालं, कुणी वापरत नाही.


मूळची_येळ्ळूरची | मंगळवार, रात्री ९.१५

दोन्ही बरोबर. काल अर्धं राहिलेलं तेही ह्यातच सांगून टाकते.

एम आणि एल हे नंबर १९७६ मधले. फ्रान्स, अमेरिका आणि ब्रिटनच्या सात डॉक्टरांनी मिळून ठरवले म्हणून एफएबी म्हणतात. त्याआधी प्रत्येक देशात, प्रत्येक हॉस्पिटलात पेशंटला वेगळं नाव पडायचं, एकाचा अभ्यास दुसऱ्याला लागू करता यायचा नाही. ह्यांनी काय केलं तर मायक्रोस्कोप आणि साधे रंग एवढ्यावर सगळ्यांना करता येईल अशी पद्धत आखून दिली. एएमएलचे एम१ ते एम६, नंतर १९८५ मध्ये एम७ आणि १९९१ मध्ये एम० आले. एएलएलचे एल१, एल२, एल३.

एल१ म्हणजे लहान, एकसारखे ब्लास्ट, एल२ मोठे, वेडेवाकडे. पण नंतर कळलं की एल१-एल२ वरून पेशी लिम्फॉइडच्या बी शाखेतली आहे की टी शाखेतली हेच कळत नाही आणि उपचारही बदलत नाहीत, म्हणून ते दोन खरंच मागे पडले. एल३ वेगळा, गडद निळी पेशी आणि आत पोकळ बुडबुडे, तो बर्किट नावाचा निराळाच आजार निघतो, त्याची केमो एकदम निराळी, थोडे महिने पण फार जोरात.

एएमएलमध्ये नंबर निरुपयोगी झाले असं मी म्हणणार नाही. तुमच्या वडिलांचा एम४ म्हणजे मायलॉइड आणि मोनोसाइट दोन्ही बाजूंच्या पेशी, एम४-एम५ वाल्यांच्या हिरड्या कधीकधी सुजलेल्या असतात, अनुभवी डॉक्टर तोंड बघूनच सावध होतात. एम७ डाऊन सिंड्रोमच्या लहान मुलांत दिसतो. आणि एम३! त्यासाठी तर पहिल्या तासाभरात स्लाइड बघणारा माणूस लागतो, त्याबद्दल वेगळं लिहिते.

रंगांमध्ये मुख्य एमपीओ. तीन टक्के किंवा जास्त ब्लास्टमध्ये तपकिरी दाणे उठले की मायलॉइड. पेशीत लालसर बारीक काडी दिसली, तिला ऑअर रॉड म्हणतात, तरी मायलॉइड, लिम्फोब्लास्टमध्ये ती नसते. पण एमपीओ निगेटिव्ह आला म्हणजे एएलएल असं कुणी म्हणू नये, एम०, एम७ आणि कधीकधी एम५ सुद्धा निगेटिव्ह येतात. इथे फ्लो लागतो.

फ्लो म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर आणि आत असलेली प्रोटीन ओळखणं. चमकणारा रंग लावलेली अँटिबॉडी मिसळायची, पेशी एका ओळीत लेझरसमोरून सोडायच्या, मशीन मोजतं. त्या प्रोटीनना सीडी नंबर आहेत. सीडी१९ जोरात आणि बरोबर सीडी७९ए किंवा सीडी२२, तर बी. पेशीच्या आत सीडी३ तर टी. एमपीओ, सीडी१३, सीडी३३, सीडी११७ ही मायलॉइड बाजू. सीडी३४ आणि टीडीटी हे पेशी कोवळी असल्याचे. एक-दोन नंबरवर कधीच ठरवत नाहीत, पूर्ण जोडणी बघतात. मुलांत एएलएल सगळ्यात जास्त आणि त्यातही बी, शंभरात साधारण ८५. टी असेल तर छातीच्या एक्सरेत मधोमध गाठ दिसू शकते, म्हणून एक्सरे.

फ्लोनंतर क्रोमोसोम. आपले ४६ असतात. ल्युकेमियात दोन क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल झालेले सापडतात. हे ज्यांनी दाखवलं त्या शिकागोच्या जॅनेट राउली, १९७२ मध्ये ८ आणि २१ ची अदलाबदल, १९७७ मध्ये १५ आणि १७ ची. घरी डायनिंग टेबलवर क्रोमोसोमचे फोटो कापून, मांडून त्या जोड्या जुळवत बसायच्या. आज मशीनं आली तरी कॅरिओटाइपला, म्हणजे सगळे क्रोमोसोम मांडून बघायला, जिवंत पेशी वाढवाव्याच लागतात, म्हणून मावशी, तो तुमचा दोन-तीन आठवडेवाला रिपोर्ट. फिश नावाची तपासणी त्याच गोष्टी निवडक ठिकाणी पटकन बघते, रिपोर्ट काही दिवसांत येतो.

आणि शेवटी जीन. शहापूरकर, तुमच्या वडिलांच्या रिपोर्टमधलं लांब नाव हे नव्या डब्ल्यूएचओ पद्धतीचं. आता दिसतो कसा ह्यापेक्षा बिघाड कुठला ह्यावर नाव पडतं. २०२२ मध्ये तर डब्ल्यूएचओची पाचवी आवृत्ती आणि दुसऱ्या तज्ज्ञ गटाचं आयसीसी अशी दोन वर्गीकरणं निघाली, दोन्हीत थोडा फरक आहे, त्यामुळे दोन लॅबच्या रिपोर्टात शब्द वेगळे दिसले तर घाबरू नका. एनपीएम१ चा बिघाड असेल आणि एफएलटी३-आयटीडी हा दुसरा बिघाड नसेल तर एएमएलमध्ये ते चांगल्या बाजूचं मानतात. एफएलटी३ ची तपासणी झालीय का ते नक्की बघा, ते असेल तर त्यासाठी मिडोस्टॉरिनसारखी गोळी आहे. टीपी५३ जीनमध्ये बिघाड आला तर अवघड, तिथे डॉक्टरांशी घरच्यांनी मोकळं बोलावं.


शहापूर_पेठेतला | मंगळवार, रात्री ९.५०

एफएलटी३ निगेटिव्ह लिहिलंय! आता कुठे कळलं की तो कागद कशाला महत्त्वाचा होता, इतके दिवस फाइलमध्ये सगळ्यात मागे होता. वडील ७१ चे आहेत, त्यांना ७+३ ही जोरातली केमो झेपणार नाही म्हणून ॲझासिटिडिन आणि व्हेनेटोक्लॅक्स चालू आहे. ताई खूप खूप आभार.


चिकोडी_साइड | बुधवार, सकाळी ११.३०

मला एक सांगायचंय आणि ते सगळ्यांनी वाचावं अशी विनंती आहे. आमच्या शेजारच्या पोराचे सांधे सुजले, ताप होता, गावातल्या एका दवाखान्यात संधिवात म्हणून इंजेक्शनं दिली, पोरगं दोन दिवसात एकदम टुणटुणीत, ताप गेला, पळायला लागलं. सगळे खूश. पुढे परत आजारी पडलं, परत तीच इंजेक्शनं. शेवटी शहरात मॅरो केला तर रिपोर्ट धड येईना, डॉक्टर विचारत होते आधी काय दिलं, चिठ्ठीच नव्हती. ते स्टेरॉइड होतं हे मग कळलं. ताई हे असं खरंच होतं का?


मूळची_येळ्ळूरची | बुधवार, दुपारी २.४५

होतं, आणि हे मला सगळ्यात जास्त सांगायचं होतं.

एएलएलच्या ब्लास्टना स्टेरॉइड मारतं, ते उपचाराचंच औषध आहे. म्हणून निदानाच्या आधी दिलं की थोडे दिवस सगळं छान वाटतं, ब्लास्ट रक्तातून गायब होतात, मॅरोत अर्धवट मेलेल्या पेशी, आणि आम्ही स्लाइडसमोर बसतो तेव्हा प्रकार ओळखायला पुरेसं काही उरत नाही. क्रोमोसोमच्या कल्चरला जिवंत पेशी मिळत नाहीत. आणि पुन्हा वर येतो तेव्हा आजार थोडक्या औषधाला सरावलेला असू शकतो. सुरुवातीची रिस्कसुद्धा चुकते, कारण पांढऱ्या पेशी खऱ्या किती होत्या ते कळत नाही.

कुठल्याही मुलाला आठवडाभरापेक्षा जास्त ताप, हाडं-सांधे दुखणं, चेहरा पांढरा पडणं, अंगावर निळे-लाल ठिपके, मानेत-काखेत गाठी, ह्यातलं एकत्र दिसलं तर आधी सीबीसी आणि स्मिअर (काचेवर रक्त पसरून बघणं), मग इंजेक्शन. सीबीसी आता तालुक्याच्या गावी कुठेही होते. आणि जे काही औषध दिलं त्याची चिठ्ठी जपून ठेवा, चिठ्ठी देत नसतील तर रिकामी बाटली किंवा पट्टी मागून घ्या, मोबाइलवर फोटो काढा. उपचार सुरू करायच्या आधीचा मॅरो परत कधीच मिळत नाही, म्हणून तो पहिला नमुना सगळ्या तपासण्यांना पुरेल एवढा आणि औषधाआधी निघाला पाहिजे. मावशी, भाच्याला आधी काही दिलं होतं का? दिलं असेल तर डॉक्टरांना आजच सांगा, कुणावर राग धरायची ही वेळ नाही पण लपवू नका.


खानापूरची_मावशी | बुधवार, सायंकाळी ६.२०

तापाच्या साध्या गोळ्या आणि अँटिबायोटिक होतं, चिठ्ठ्या बहिणीनं ठेवल्यात, डॉक्टरांना दाखवल्या, ते म्हणाले ह्यात स्टेरॉइड नाही. देवाची कृपा. पण दीर अजून एम थ्रीच्या गोळ्यांवर अडून बसलेत, त्यांना काय सांगू?


निपाणीकर_अण्णा | बुधवार, रात्री ८.००

ते मी नव्हे हां, पण निपाणीत एम थ्रीचा तो माणूस मला बी माहीत हाय. कोल्हापूरला नेला तवा नाकातून रक्त थांबंना, डोळं लाल, आम्ही समदे आशा सोडलेलो. आज तो शेतात जातोय. म्हणून लोकांना वाटतं सगळ्या ब्लड कॅन्सरला त्याच गोळ्या.


मूळची_येळ्ळूरची | बुधवार, रात्री ९.३०

अण्णा, तुम्ही सांगितलंत ते अगदी तसंच दिसतं. एम३, म्हणजे आता ज्याला एपीएल म्हणतात, हा एएमएलचा असा प्रकार आहे की पहिल्या काही दिवसांत रक्तस्रावानं माणूस जातो, मेंदूत रक्त होतं. त्या पेशींच्या आतले दाणे रक्त गोठायची सगळी यंत्रणा बिघडवतात. पण हाच प्रकार आज सगळ्यात चांगला बरा होणारा.

कारण बिघाड नेमका माहीत आहे. क्रोमोसोम १५ आणि १७ चे तुकडे जोडून पीएमएल-आरएआरए नावाचा नवा जीन तयार होतो, तो पेशीला मोठं होऊ देत नाही. जीवनसत्त्व अ च्या जातीचं एक औषध आहे, एटीआरए, कॅप्सूल असते, ते त्या पेशीला मोठं व्हायला भाग पाडतं. शांघायच्या डॉक्टरांनी ते १९८५ मध्ये पहिल्यांदा पेशंटला दिलं. नंतर आर्सेनिक ट्रायऑक्साइड आलं, तेही चीनमधूनच. दोन्ही मिळून दिल्यावर, पांढऱ्या पेशी निदानाच्या वेळी दहा हजारांच्या आत असतील तर ९० टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात, साधी केमो न देता.

म्हणूनच एम३ ची शंका नुसती स्लाइडवर आली तरी, फिश किंवा पीसीआरची वाट न बघता त्याच रात्री एटीआरए सुरू करतात. रिपोर्ट निगेटिव्ह आला तर बंद करतात, पण वाट बघत बसले तर पेशंट हातचा जातो. आम्ही ऑअर रॉडचे जुडगे असलेल्या पेशी दिसल्या की रिपोर्ट टाइप करत नाही, आधी फोन करतो. रात्री दोन वाजता असला तरी करतो.

आता तुमच्या दिरांना एवढंच सांगा की ती कॅप्सूल त्या एका जोडणीवर काम करते. भाच्याच्या पेशीत ती जोडणीच नसेल तर कॅप्सूल कशावर काम करणार? एएलएलमध्येही असा एक प्रकार आहे, ९ आणि २२ ची अदलाबदल, फिलाडेल्फिया क्रोमोसोम, त्यातून बीसीआर-एबीएल जीन तयार होतो. तो मुलांत कमी, शंभरात तीन ते पाच, मोठ्यांत साधारण चौथा हिस्सा. तो असेल तर केमोबरोबर इमॅटिनिब किंवा डॅसॅटिनिब रोज गोळी. त्यामुळे बीसीआर-एबीएलचा रिपोर्ट केव्हा येणार हे डॉक्टरांना विचारा, तो लवकर लागतो.


अनगोळ_नाका | गुरुवार, सकाळी १०.१५

मी वाचक आहे फक्त, माझी मुलगी २०१९ ची पेशंट, आता शाळेत जाते. मावशी, एक प्रॅक्टिकल सांगते. सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा, पहिली सीबीसी सगळ्यात वर. रोज पेशी, प्लेटलेट, हिमोग्लोबिन एका वहीत लिहा. डॉक्टरांना राउंडच्या आधी तीनच प्रश्न कागदावर लिहून द्या, मग ते थांबून उत्तर देतात. आणि बहिणीला जेवायला घाला, ती आजारी पडली तर पोराकडं कोण बघणार. प्लेटलेटसाठी डोनर आधीच बघून ठेवा, एसडीपीला एकाच माणसाच्या काढतात, वेळ लागतो, ऐनवेळी पळापळ होते. घरातल्या सख्ख्या लोकांचं रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा, पुढे ट्रान्सप्लांटचा विषय आला तर आईबाप-भावंडांचं रक्त दिलेलं नसलेलं बरं म्हणतात.


खानापूरची_मावशी | गुरुवार, रात्री ८.५०

फ्लो आला! डॉक्टर म्हणाले बी-एएलएल. पण खाली लिहिलंय सीडी३३ अंधूक पॉझिटिव्ह, ॲबेरंट. सीडी३३ मायलॉइडचं ना, तुम्हीच वर लिहिलंत. म्हणजे दोन्ही कॅन्सर एकत्र आहेत का? जावेनं नेटवर बघून मिक्स म्हणून सांगितल्यापासून बहिणीनं जेवणच सोडलंय. सीडी१९ जोरात, सीडी१० पॉझिटिव्ह, सीडी२२ पॉझिटिव्ह, सीडी३४ पॉझिटिव्ह, आतला सीडी३ निगेटिव्ह, एमपीओ निगेटिव्ह असं आहे. छातीचा एक्सरे नॉर्मल.


मूळची_येळ्ळूरची | गुरुवार, रात्री ९.१०

बहिणीला आत्ता जेवायला वाढा. तुम्ही लिहिलंय तसंच रिपोर्टात असेल तर हे मिक्स नाही.

बी-एएलएलच्या ब्लास्टवर एखादं मायलॉइड प्रोटीन चुकून उमटणं अगदी नेहमीचं. मिक्स फिनोटाइप म्हणायला नियम फार कडक आहेत. मायलॉइड बाजू धरायची तर एमपीओ पॉझिटिव्ह पाहिजे किंवा मोनोसाइटच्या खुणा पाहिजेत, टी धरायचा तर सीडी३ जोरात पाहिजे. एकट्या सीडी३३ ला, तेही अंधूक, किंमत नाही. उलट आम्हाला ते उपयोगी पडतं, कारण हीच विचित्र खूण पुढे उरलेल्या पेशी शोधायला धरून ठेवतो.

वय १२ आहे, दहाच्या वर गेलं की पांढऱ्या पेशी ५० हजारांच्या आत असल्या तरी सुरुवातीला हाय रिस्क मध्ये धरतात, ते ऐकून घाबरू नका, म्हणजे केमो थोडी जोरातली. आता क्रोमोसोममध्ये काय निघतं ते बघायचं. ५१ किंवा जास्त क्रोमोसोम, नाहीतर १२ आणि २१ ची जोडणी निघाली तर चांगलं. ४४ पेक्षा कमी किंवा केएमटी२ए जीनचा बिघाड निघाला तर उपचार वाढवतात. पाठीच्या मणक्यातून पाणी काढतील, मेंदूच्या बाजूला पेशी गेल्यात का बघायला, आणि त्याच वेळी औषधही सोडतील. ते प्रत्येक एएलएल पेशंटला करतातच, मेंदूत गेलाय असा अर्थ काढू नका.

स्टेरॉइड सुरू झाल्यावर बऱ्याच ठिकाणी आठव्या दिवशी रक्तातले ब्लास्ट मोजतात, हजाराच्या खाली आले की औषध लागू पडतंय. आणि पहिला टप्पा संपताना एमआरडी, म्हणजे उरलेल्या ल्युकेमियाच्या पेशी शोधायची तपासणी. फ्लोवर दहा हजार पेशींत एक ब्लास्टसुद्धा शोधतात, ०.०१ टक्के. सगळ्या रिपोर्टमध्ये माझ्या मते हाच सगळ्यात बोलका, कारण तो ह्या मुलाच्या अंगात ह्या औषधाचं काय झालं ते सांगतो. ही तपासणी करणार आहात ना, कुठल्या दिवशी, एवढं आत्ताच विचारून वहीत लिहून ठेवा.


चिकोडी_साइड | गुरुवार, रात्री १०.००

मावशी धीर धरा. पैशाचं, बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत बसतं, हॉस्पिटलच्या योजना काउंटरला आधार आणि रेशन कार्ड घेऊन जा. सीमाभागातली ८६५ गावं महाराष्ट्राच्या महात्मा फुले योजनेत घेतलीत, कोल्हापूर-मुंबईला जायची वेळ आली तर तुमचं गाव यादीत आहे का बघा. दोन सरकारांची भांडणं चालू राहतील, आपल्या पोराचा कागद आपण तयार ठेवायचा.


खानापूरची_मावशी | शुक्रवार, दुपारी १२.३०

बहीण जेवली काल. आज डॉक्टरांना तीन प्रश्न लिहून दिले, अनगोळवाल्या ताईंनी सांगितलं तसं. बीसीआर-एबीएल सोमवारी येणार, एमआरडी करणार आहेत, तारीख लिहून दिली. औषध आज रात्रीपासून सुरू. दीरही आता गप्प आहेत, प्लेटलेट द्यायला स्वतः येतो म्हणाले.

सासू अजून मुंबईचं सोडत नाहीत. इथे सुरू केलं आणि नंतर टाटाला किंवा बंगळूरला किदवाई कॅन्सर हॉस्पिटलला जावं लागलं तर परत सगळं टोचणार का? काय काय नेऊ?


मूळची_येळ्ळूरची | शुक्रवार, दुपारी १.१५

इथे सुरू होतंय ते होऊ द्या, सुरुवात लांबवून प्रवास करू नका, प्लेटलेट १९ हजारावर रात्रभराची गाडी नकोच. निदान पक्कं आहे आणि पहिल्या महिन्याची औषधं सगळीकडे जवळपास तीच असतात.

पुढे कधी दुसरं मत घ्यायचं झालं तर पेशंटला न हलवता नुसता माणूस जाऊ शकतो. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लेखी अर्ज द्या आणि हे मागून घ्या. रक्ताची आणि मॅरोची रंगवलेली स्लाइड, शक्यतो एक-दोन न रंगवलेल्याही. बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक. फ्लोचा रिपोर्ट ग्राफसकट, आणि देत असतील तर मूळ डेटा सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर. फिश, कॅरिओटाइपचा रिपोर्ट आल्यावर तो. पहिली सीबीसी. आजपासून दिलेल्या औषधांचा तक्ता, तारीख आणि डोससह, डॉक्टरांच्या सहीचा. स्लाइड काचेच्या असतात, लॅबकडून प्लास्टिकची डबी मागा, कागदात गुंडाळून पिशवीत टाकू नका, मी कितीतरी वेळा चुरा झालेला बघितलाय. प्रत्येक गोष्टीवर पेशंटचं नाव आणि लॅबचा नंबर जुळतोय का काउंटरवरच तपासा.

क्रोमोसोमचा रिपोर्ट आला की नाव झाकून इथे टाका किंवा व्यनि करा. डोनरचं काय झालं, कुठला ग्रुप?


खानापूरची_मावशी | शुक्रवार, दुपारी १.४०

बी पॉझिटिव्ह. दिरांचा तोच आहे, अजून दोघं तरी पाहिजेत म्हणाले ब्लड बँकवाले.


शहापूर_पेठेतला | शुक्रवार, दुपारी १.५५

मी बी पॉझिटिव्ह आहे आणि माझा मित्र वडगावचा, तोही. वडिलांमुळे एसडीपी दोघांनीही आधी दिलंय, माहिती आहे कसं असतं. संध्याकाळी सहाला दुकान बंद करून येतो, वॉर्ड नंबर व्यनि करा.